खिटी लावली का?

४ मार्च

धाकटे,

पोचलो. काल फोन केला तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते, आणि तुझ्याकडे आई कान लावून असते. त्यामुळे आपलं बोलणं नेहमीसारखंच झालं. 'बरं आहे ना?' 'बरं आहे.' म्हणून हे पत्र. इथल्या तळाच्या ऑफिसात आलेली पत्रं ठेवून घेतात, पत्ता पाकिटामागे लिहिला आहे.

तळ म्हणजे एक उघडं माळरान. पाण्याचे नळ, सामाईक न्हाणीघरं आणि ओळीने उभ्या कॅरव्हान, आमच्यासारख्याच कुणाच्या ना कुणाच्या गाडीमागे ओढत आणलेल्या. आणि वारा. इथे वारा येतजात नाही, तो मुक्कामालाच असतो. दोरीवर टॉवेल टाकला की मागून धावावं लागतं.

येताना पाऊस लागला आणि पलंगावरच्या खिडकीतून पाणी आत आलं. गादी चिंब. आमच्या छतालाच तीन खिडक्या आहेत, पलंगावर एक, ओट्यावर एक आणि न्हाणीत एक छोटी. प्लास्टिकचे पारदर्शक घुमट असतात. आतून हँडल फिरवलं की झाकण वर होतं. निघायच्या आधी हँडल उलटं फिरवत न्यायचं आणि खिटी खटकन बसली की मगच सोडायचं. मध्ये एक टप्पा आहे, हवेसाठी फट ठेवायचा. मुक्कामाला तो ठीक, पण त्या टप्प्यावर ठेवून गाडी ओढायची नाही. वारा फटीत बोट घालतो आणि झाकण उचकटतो. हे सगळं मला ह्यांनीच शिकवलं. बसच्या कारखान्यात आयुष्यभर काचा आणि खिडक्याच तर बसवल्या ह्यांनी.

बहुतेक रबर जुनं झालंय, म्हणून पाणी आलं असेल.

आता निघताना मीही एकदा तिन्ही झाकणांना खालून तळहात लावून बघते. हे बाहेर कॅरव्हान गाडीला जोडत असतात तेव्हा. समोर केलेलं ह्यांना आवडत नाही.

बाकी फिरत राहिलं की ह्यांना बरं वाटतं. गादी अजून वाळलेली नाही. आईला माझा नमस्कार सांग, आणि ती काय म्हणाली ते जसंच्या तसं कळवू नकोस.

ताई

११ मार्च

ताई,

तुझी गादी एकदा भिजली, त्याचं पत्र आलं. इथे चादर रोज भिजते, मी कुणाला लिहीत नाही.

रागावू नकोस. सकाळपासून हे वाक्य डोक्यात होतं, लिहून टाकलं की जाईल असं वाटलं.

आईचं तसंच आहे. कमरेचं हाड जुळलं म्हणतात, पण पाय जमिनीला टेकवायचं नावच काढत नाही. डोकं मात्र लख्ख आहे. मी पलीकडच्या खोलीत मशीनवर बसले की पडल्या पडल्या सांगते, 'दोरा सैल लागलाय, आवाज ऐक.' खरंच सैल असतो. मग आणखी राग येतो. दुपारी तासभर बाई येते, तेवढ्यात मी शिवलेले पडदे पोचवून येते. रस्त्याने एकटीच चालते आणि कुणीही हाक मारत नाही, तेवढीच माझी सहल.

तुमचं फिरणं ऐकून बरं वाटतं. खरंच. कुणीतरी फिरलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. एप्रिलच्या सुरुवातीला थोडे दिवस येशील का? मला एक काम आहे. छोटंसंच आहे, पण दोनचार दिवस घरी नसेन, आणि मग आठवडाभर आईला उचलता येणार नाही मला. आईजवळ रात्रंदिवस कुणीतरी आपलं माणूस हवं. कसलं काम ते फोनवर विचारू नकोस, ती ऐकते.

भावोजींना म्हणावं, रबर बदला. एवढा मोठा फोरमन आणि घरात गळती.

धाकटी

१६ मार्च

धाकटे,

एप्रिलमध्ये जमेलसं दिसत नाही. हे पुढच्या तळावर जायचं म्हणतात. एका जागी फार थांबलो की ह्यांना बेचैनी येते, चकरा मारत राहतात. घर तर नकोच म्हणतात. तुझ्याकडेही चारपाच दिवसांच्या वर राहवणार नाही ह्यांना, आणि मी ह्यांना इथे एकटं सोडून येऊ शकत नाही. का ते विचारू नकोस. माणसाच्या सवयी असतात.

दिवसभराची बाई मिळते का बघ. किंवा काम थोडं पुढे ढकलता आलं तर बघ. उन्हाळा सरला की मी नक्की येईन.

इथे परवा एक प्रकार झाला. शेजारच्या जोडप्याबरोबर एक रात्र दुसरीकडे राहून यायचं ठरलं, म्हणून कॅरव्हान जोडत होतो. मी नेहमीप्रमाणे आत खिडक्यांना हात लावत होते, तर हे अचानक दारात. सगळ्यांदेखत म्हणाले, 'तुझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. मी बंद केलेली खिडकी तू तपासतेस?' शेजारीण खाली बघायला लागली. दिवसभर हे माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी चहा पुढे ठेवला तर म्हणाले, 'माझ्या हाताखाली माणसं होती. माझं काम कुणी तपासलं नाही कधी.'

आता नाही तपासणार. एका खिडकीपायी रोजचं भांडण कुणी करावं. दमायला होतं.

तुझं काम नीट होईल. काळजी करू नकोस.

ताई

२१ मार्च

ताई,

बरं. कळलं. काम पुढे ढकललं आहे.

आई ठीक. मी ठीक. पडद्यांचं काम बरंच आहे.

पुढच्या तळाचा पत्ता कळव. नाही कळवलास तरी चालेल.

धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र चार ओळींचं होतं, ते मी पुष्कळ वेळा वाचलं. हे मोठं होणार आहे. आधी तळाचा पत्ता, तो पाकिटामागे आहे. आम्ही दोघं धडधाकट आहोत. आता बाकीचं.

तीस तारखेला आम्ही तिथून निघालो. वारा सकाळपासूनच माजला होता. तळाचा रखवालदार म्हणाला, 'आज राहा, बांधावरून जाताना आडवा लागतो.' हे म्हणाले, 'आपण ठरलेल्या वेळी निघतो.' कुठलीही वेळ ठरलेली नव्हती. मी गाडीत बसले. बसल्यावर एकदाच विचारलं, 'वरच्या खिट्या लावल्या का?' ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पट्टा लावला.

बांधाचा रस्ता म्हणजे दोन्हीकडे पाणी आणि मध्ये लांबच लांब डांबर, आडोशाला एक झुडूप नाही. कॅरव्हान मागून शेपटीसारखी हलत होती. मी म्हटलं, 'हळू घ्या.' तेवढ्यात एक मोठा ट्रक आमच्या पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याचा फटका बसला. मागे फाडकन आवाज झाला, जाड कापड फाटल्यासारखा. आरशात बघितलं तर पलंगावरच्या खिडकीचं झाकण बिजागरीसकट उखडून वर गेलं होतं. पतंगासारखं हवेत गिरकी घेत होतं. मग ते खाली आलं.

मागे मोटारसायकलवर एक माणूस होता. त्याच्या पुढ्यातच पडलं. त्याने गाडी वळवली, घसरला आणि कठड्याला जाऊन टेकला. कठडा नसता तर पाण्यात गेला असता. मी दार उघडून धावले. तो उठून बसला होता. कोपर सोलवटलं होतं, पँट गुडघ्याला फाटली होती, बाकी काही नाही. मला बघून तो ओरडायला लागला. ओरडणारच ना. 'घरी लहान पोरं आहेत माझी,' असं म्हणत होता. मी हात जोडून नुसती उभी.

मागून हे आले. त्यांनी रस्त्यावरचं झाकण उचललं, उलटंपालटं करून बघितलं, बिजागरीवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, 'ही खिडकी कोणी बंद केली?'

मी त्या माणसाला हात देऊन उठवलं.

ह्यांनी झाकणाबरोबरच उखडून आलेल्या हँडलचा टप्पा दाखवला. 'हे बघा, फटीवर ठेवलंय. पूर्ण बंदच केलेलं नाही. असा माणूस मला खात्यात नको. नाव सांगा त्याचं, आजच काढून टाकतो.' आणि त्या मोटारसायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'साहेब, मी माफी मागतो. माझ्या खात्यात असं कधी झालेलं नाही.'

तो माणूस ओरडायचा थांबला. आधी त्याने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला म्हणाला, 'काकू, गाडी तुम्ही चालवता का?' मी म्हटलं, 'येते चालवायला. पण हे धूड मागे ओढत कधी चालवलेली नाही.' तो म्हणाला, 'मग आज चालवा. मी पुढे राहतो.' आणि लंगडत जाऊन त्याने मोटारसायकल सुरू केली. बांध संपेपर्यंत तो आमच्या पुढे बैलगाडीच्या वेगाने चालला होता.

धाकटे, रबर जुनं झालेलं नव्हतं. गादी भिजली त्या दिवशीही खिडकी फटीवरच राहिली होती.

डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. ह्यांची आठवण हळूहळू जाईल म्हणाले, आधी आत्ताचं, मग मागचं. मी कुणालाच सांगितलं नाही. घरात असलो की हे रोज सकाळी तयार होऊन डबा मागायचे. कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, तुला माहीत आहे. नाही म्हटलं की चिडायचे, मग रडायचे. एकदा सरळ चालत निघाले, ते संध्याकाळी सापडले. रस्त्यावर असलं की कुठे जायचंय हा प्रश्नच उरत नाही, कारण आपण निघालेलोच असतो. म्हणून ही सहल. तू म्हणालीस कुणीतरी फिरलं पाहिजे, तेव्हा मी काय उत्तर देणार होते.

ह्यांच्या हाती गाडी द्यायला नको होती हे मला कळत होतं. पण त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते काढून घ्यायचं काम माझ्याच्याने होईना.

आज सकाळी मात्र त्याची वेळच आली नाही. काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत मी किल्ली घेऊन बाहेर आले, तर हे शेजारच्या सीटवर बसलेले. पट्टा लावून, समोर बघत. मी आत बसले. ते म्हणाले, 'आरसे लावून घे तुझ्या उंचीला.' दुसरं काही नाही. आम्ही कुठे जाणारही नव्हतो. मी आरसे लावून घेतले.

तुझं काम काय होतं ते सांग. पुढे ढकललंस ना खरंच?

ताई

६ एप्रिल

ताई,

पत्र मी न्हाणीघरात वाचलं. दार लावून बसता येतं अशी तेवढीच जागा आहे.

तू कसली माणूस आहेस. आणि मी तरी कसली. मी इथे मशीनवर बसून, तू समुद्राकाठी खुर्ची टाकून बसलीस असं चित्र काढत होते. त्या चित्रातल्या खुर्चीलासुद्धा मी शिव्या घातल्या आहेत.

काम पुढे ढकललेलं नाही. तुला तसं लिहिलं, कारण तू नाही म्हणालीस आणि मला परत मागायचं नव्हतं. गाठ आहे, डाव्या छातीत. बारा तारखेला काढायची आहे. डॉक्टर ढकलू देत नाहीत. गाठ काढल्यावर तपासतील, मग पुढचं सांगतील.

आईला काल सांगितलं. किती दिवस वाक्य जुळवत होते. ती म्हणाली, 'मला कधीचं माहीत आहे. अंघोळीनंतर आरशासमोर फार वेळ उभी असतेस, पाण्याचा आवाज थांबलेला असतो.' मग म्हणाली, 'जावयांचंही मला कळलंय. फोनवर एकाच बोलण्यात तीनदा विचारतात, पाऊस आहे का तिकडे म्हणून.' म्हणजे या घरात लपवालपवी करणाऱ्या आपण दोघीच. जिच्यापासून लपवत होतो तिला सगळं ठाऊक.

ये. दोघंही या. कॅरव्हान मागच्या अंगणात राहील, फाटकाचा एक खांब काढून घेते. भावोजींना घरात राहवलं नाही तर त्यांनी आपल्या गाडीत राहावं, दारातच असेल.

पण ऐक. तारखेसाठी वाऱ्यात निघू नकोस. तो बांध परत लागणार आहे ना? वारा पडेपर्यंत थांब. एकदोन दिवस शेजारीण आईकडे बघेल, मी बोलून ठेवलं आहे. दवाखान्यात मला नर्स आहेत. तुझी वाट बघत पडून राहणं मला जमेल. तू बांधावरून खाली गेलीस अशी बातमी ऐकत पडून राहणं जमणार नाही.

मला भीती वाटते. हे फक्त तुलाच लिहिते आहे.

धाकटी

१६ एप्रिल

धाकटे,

हे शेजारणीच्या हाती पाठवते आहे. फोनवर तुझा आवाज अगदी बारीक येतो, बोलायचे कष्ट घेऊ नकोस. नुसतं वाच.

तू दवाखान्यात गेल्यावर मी पोचले, याची रुखरुख आहे. पण तुझं ऐकलं. तळावरच्या मेकॅनिकने भोकावर जाड प्लायवुड बसवलं, कडेने चिकट लुकण भरलं आणि वरून ट्रकवाल्यांचा पट्टा आवळला. उरलेल्या दोन खिडक्यांच्या हँडलांना मी आतून दोरी बांधली, गचके बसून फिरू नयेत म्हणून. शिडी लावून बाहेरूनही बघितलं, झाकणाखाली नख शिरतं का. एवढं करून बसले आणि वारा काही पडेना. रोज पहाटे उठून टॉवेल बाहेर धरायचा आणि परत आत यायचं. बारा तारीख तिथेच उजाडली आणि तिथेच मावळली. मी तळावरच्या बाकावर बसून होते आणि हे मला सारखं विचारत होते, 'आपण कुणाची वाट बघतोय?'

तेरा तारखेला पहाटे टॉवेल सरळ लोंबला. आम्ही निघालो.

बांधावर मी इतकी हळू चालवत होते की मागे रांग लागली. जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे सोडत होते. ट्रक दिसला की वेग आणखी कमी. अर्ध्यात आल्यावर हे एकदम म्हणाले, 'थांब. वर वाजतंय.' मला काहीच ऐकू येत नव्हतं. वाटलं, मनातलं काहीतरी. तरी बाजूला घेतलं. आत जाऊन बघते तर ओट्यावरच्या खिडकीची दोरी सुटलेली आणि खिटी अर्धवट. हे माझ्या मागे आले, स्टुलावर चढले, झाकण हाताने खाली ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवलं. खट. मग परत थोडं सोडून परत बसवलं. दुसऱ्यांदा खट. उतरून हात पुसले आणि म्हणाले, 'आता तपास.'

मी तपासलं. ते उभे राहून बघत होते.

पुढच्या वळणावर विचारलं, 'आपण कुठे निघालोय?' मी म्हटलं, 'धाकटीकडे.' म्हणाले, 'बरं झालं. खूप दिवसांत गेलो नाही.'

तुझे डॉक्टर आज फोनवर बोलले. गाठ पूर्ण निघाली. ती साधी नव्हती, हे त्यांनी तुला सांगितलंच आहे. पुढे औषधं आणि किरणांचे शेक घ्यावे लागतील, पावसाळाभर. पण पसरलेली नाही. हे वाक्य मी त्यांना परत बोलायला लावलं. मी इथेच आहे. इथला एक मेकॅनिक कालच येऊन कॅरव्हान ठोकळ्यांवर चढवून गेला, चाकं काढून ठेवली आहेत. तुझ्या मशीनला हात लावलेला नाही. कंबर मोडून निघाली आहे माझी, आईला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करताना कळलं, तू वर्षभर काय करत होतीस ते.

एक मात्र आहे. आईचे पाय गेलेत आणि ह्यांचं डोकं, दोघं मिळून एक अख्खं माणूस झालंय. ती पडल्या पडल्या सांगते आणि हे आणून देतात. चुकीचं आणलं तर ती शांतपणे परत सांगते. आपल्याशी एवढी शांत ती कधी नव्हती.

सकाळी हे तयार होऊन अंगणात जातात आणि कॅरव्हानमध्ये बसतात. दिवसभर ते निघालेलेच असतात. तिन्हीसांजेला आत येऊन आईच्या पलंगाशी खुर्ची ओढतात. काल ती म्हणाली, 'कुठवर आलात आज?' ह्यांनी सांगितलं, पाणी लागलं, लांब रस्ता लागला, एक मोटारसायकलवाला भला माणूस भेटला. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

मग तिने विचारलं, 'उद्या मला न्याल का?'

हे उठले, खिडकीपाशी गेले, बाहेरची झाडं हलतात का ते पाहिलं. म्हणाले, 'नेतो की. वारा पडू दे.'

ताई